नाव-गाव वगळून

रॉथेनशॉ, लँकेशायर
४ नोव्हेंबर १९९३

प्रिय नॉर्मन,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि बेरिलने पाठवलेला केक पोचला. केक पोस्टात चेपला होता, चव मात्र शाबूत होती. फोन लागत नाही म्हणून रागावू नकोस. मीच त्याची वायर भिंतीतून उपटून ठेवलीय. अपघात झाल्यापासून वर्तमानपत्रवाल्यांनी वाजवून वाजवून जीव नकोसा केला होता. आता आपली पत्रंच बरी. तुझं अक्षर लागत नाही ही अडचण आहे, पण फोनवर तरी तू कुठे दुसऱ्याला बोलू देतोस?

माझी पोर गिलियन जिवावरच्या संकटातून बाहेर आली, असं डॉक्टर म्हणतात. स्लिपरच्या कारखान्यातली ऑफिसची मंडळी ब्लॅकपूलची रोषणाई बघायला हौसेने निघाली आणि बस मोटरवेवर उलटून पेटली, एवढंच तुला ठाऊक होतं. आता पुढचं सांगते. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू भाजली आहे. पट्ट्या रोज थोडा वेळ काढून चेहरा उघडा ठेवतात. बेसिनवरचा आरसा सिस्टर हर्स्टने उतरवून नेला. तिचं म्हणणं असं की आपला चेहरा कधी बघायचा ते गिलियनच ठरवील, आणि ती बघेल तेव्हा सिस्टर स्वतः तिचा हात धरून शेजारी बसलेली असेल. गिलियन अजून काही विचारत नाही. मीही विषय काढत नाही.

काल दुपारी एक तरुण गृहस्थ द्राक्षं घेऊन भेटायला आला होता. फार अदबीचा. ओला रेनकोट बाहेरच झटकला, मला मॅडम म्हणाला. गिलियन झोपली होती. तिच्या ऑफिसातलाच असणार. आजाऱ्याला बघायला आलेल्या माणसाला तू कोण, असं तोंडावर कसं विचारायचं? मी त्याला माझी खुर्ची दिली आणि चहा आणायला खाली गेले. वर येते तो स्वारी निघून गेलेली. घाईत असेल बिचारा. तो चहा मीच प्यायले.

बेरिलला माझी आठवण सांग. पत्राला उशीर करू नकोस आणि ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मेविसताई


बडलेकोम, डेव्हन
६ नोव्हेंबर १९९३

ती. ताईस,
नॉर्मनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आजचा ‘डेली पिलर’ एकाच सकाळी आले. मी आधी पेपर बघितला, मग पत्र वाचलं. द्राक्षांपाशी आलो आणि पेपर पुन्हा उघडला.

ताई, तो ऑफिसातला नव्हता. पहिल्या पानावर आपली गिलियन आहे. झोपलेली, पट्ट्या काढलेल्या, अगदी जवळून घेतलेली. वर जाड अक्षरांत ‘आगीने हिरावलेलं हसू’, आणि खाली नाव, वय, गाव, कारखाना, सगळं साग्रसंगीत. तुला हे दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मी कळवतोय. हे पत्र पोचेपर्यंत तुला कळलं नसेल तर देवाची कृपा. तो अंक गिलियनच्या हाती लागू देऊ नकोस, एवढं कर.

तुला बोल लावत नाही. भीड ही भिकेची बहीण असं आई म्हणायची आणि स्वतःच विमेवाल्याला तीन-तीनदा चहा पाजायची. आपल्या घराण्यातच ते आहे. बसमध्ये जन्मभर लोकांना तिकीट दाखवा म्हणत आलो, तरी बायकोच्या माहेरच्यांना कधी जाणार हे मला अजून विचारता येत नाही.

पण याला मी सोडणार नाही. वर्तमानपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला लंडनला एक समिती आहे म्हणे. तिला आणि पिलरच्या संपादकाला, दोघांनाही आजच लिहितो. तू जेवत जा. बेरिल रडते आहे आणि तुला जवळ घेतल्याचं लिही म्हणते.

तुझ्या आशीर्वादाचा हक्कदार,
नॉर्मन


रॉथेनशॉ
९ नोव्हेंबर १९९३

प्रिय नॉर्मन,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच व्हायचं ते होऊन गेलं.

इथल्या वॉर्डात रोज सकाळी एक बाई ढकलगाडी घेऊन येतात. फुकट सेवा करतात, चॉकलेट आणि पेपर विकतात. त्यांनी नेहमीसारखी गाडी गिलियनच्या पलंगाशी आणली. सगळ्यात वर पिलरचा गठ्ठा होता. समोरच्या पलंगावरची मुलगी आणि पानावरची मुलगी एकच आहे हे त्या बाईंच्या लक्षातही आलं नाही. मी पोचले तेव्हा पेपर गिलियनच्या मांडीवर होता.

ती रडली नाही. फोटोतल्या गालावर तिने बोट ठेवलं होतं आणि दुसऱ्या हाताने स्वतःच्या गालावरची तीच जागा शोधत होती. सिस्टर हर्स्ट धावत आली, तिचा हात धरला, पण आता धरून काय उपयोग? सिस्टर नंतर चादरींच्या खोलीत जाऊन रडली. गिलियन हो आणि नाही यापलीकडे बोलत नाही.

मला राग यायला हवा, हे मला कळतं. येत नाही. डॉट पिलिंग, माझी शेजारीण, सारण भरलेली पेस्ट्री घेऊन आली. मटण आणि बटाट्याची, चांगली झाली होती, पण मला चव लागली नाही. ती म्हणाली की सगळी गल्ली नुसती पेटून उठली आहे, असल्या लोकांना भर चौकात उभं करायला हवं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानातले पिलर तर नऊ वाजायच्या आत संपले. तिला मिळाला होता. मी तिला पेस्ट्री कशी केली ते विचारलं.

तू लिहितोस तसं लिही समितीला. मी अडवत नाही. मला एवढंच वाटतं की आता कोणी तिच्याकडे बघू नये.

जीव लावत राहा. इथे तुझ्याशिवाय मला आहे कोण?

तुझी,
मेविसताई


बडलेकोम
२८ नोव्हेंबर १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमच्या बोल्स खेळायच्या क्लबात मी तक्रारीचा कागद फिरवला. एकानेही नाही म्हटलं नाही. वर्तमानपत्रं शेफारली आहेत, माणसाला दवाखान्यातही सुखाने पडू देत नाहीत, यांना कोणी वेसण घालणार आहे की नाही, असं ज्याने त्याने छाती ठोकून सांगितलं आणि सही केली. सही झाल्यावर मात्र जो तो हळूच विचारायचा की फोटो आहे का रे तुझ्याकडे, आम्ही नीट बघितला नाही. मी नाही म्हटलं, तर म्हाताऱ्या अर्नीने पाकिटातून कात्रण काढलं. तो म्हणे पुरावा म्हणून जपून ठेवलंय. ते टेबलावर फिरलं. मी माझी बिअर तशीच ठेवून घरी आलो.

समितीचं उत्तर सभ्य आहे. त्यांचा नियम असा की जिची खाजगी गोष्ट छापली, तक्रार तिचीच हवी. मामाची चालत नाही, क्लबाची तर नाहीच. गिलियनची सही लागेल.

आणि संपादकाचं उत्तर सोबत पाठवतो. ते लिहितात की रुग्णाच्या मातोश्रींनी आमच्या प्रतिनिधीचं आपुलकीने स्वागत केलं, स्वतःची खुर्ची दिली आणि त्याच्यासाठी चहा आणायला गेल्या, त्यामुळे कुटुंबाची संमती आहे असं त्याने समजणं स्वाभाविक होतं. चोराच्या उलट्या बोंबा! हे वाचून मी भिंतीवर मूठ आपटली. भिंतीला काही झालं नाही.

हे गिलियनला दाखवू नकोस. फक्त सहीचं तिच्या कानावर घाल. आणि तुझ्या या भडक माथ्याच्या भावाला पदरात ठेव.

तुझा,
नॉर्मन


रॉथेनशॉ
१२ डिसेंबर १९९३

प्रिय नॉर्मन,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गिलियन घरी आली आहे. वरच्या खोलीत असते, पडदे लावून. जेवणाचं ताट मी दाराशी ठेवते. भाजलेलं बरं होतंय, नर्स येऊन बघून जाते. फिरायला जायला सांगितलंय, पण ती दाराबाहेर पाऊल टाकत नाही.

संपादकाचं पत्र दाखवू नकोस म्हणालास, पण मी ते टेबलावर विसरले. हल्ली मी बरंच काही विसरते. ती पाण्यासाठी खाली आली आणि तिने ते उभ्या उभ्या वाचलं. मला म्हणाली की चहा म्हणजे चहा, परवानगी नव्हे. महिन्याभरातलं तिचं पहिलं सबंध वाक्य. मग पेन मागितलं. स्वतःच्या चेहऱ्यासाठी तिने सही केली नसती, नॉर्मन. माझ्यावर ढकललं म्हणून केली. मी तिथेच मोरीशी उभी होते. मला रडू यायला हवं होतं. मी कप विसळत राहिले.

तिची एक अट आहे. निकाल छापतील त्यात तिचं नाव नको, गाव नको, कारखाना नको, बसचा उल्लेखही नको. नाहीतर लोक पुन्हा तो फोटो काढून बघतील. हे तिने कागदाखाली स्वतः लिहिलं.

परवा पाहणी करणारी एक बाई दारावर आली होती, लाकडी पाटीला कागद लावून. पाऊस होता म्हणून आत घेतलं. हो, तू कोण-कुठली ते मी तिला आधी विचारलं, शहाणी झाले आहे. वर्तमानपत्रं लोकांच्या खाजगी आयुष्यात फार नाक खुपसतात का, फार की थोडं? मी फार म्हटलं. त्यांच्यावर लक्ष कोणी ठेवावं, सरकारने, त्यांनी स्वतः, की तिऱ्हाइतांनी? मला ठाऊक नाही म्हटलं. शेवटी तिने विचारलं की घरी पेपर कोणता येतो. मी पिलर म्हटलं. तिने मान वर न करता लिहून घेतलं. आता तू ओरडशील. आमचे हे, हॅरॉल्ड, हयात होते तेव्हापासून शब्दकोड्यासाठी येतो तो. बंद करायचा तर दुकानात उभं राहून का बंद करताय ते सांगावं लागेल. ते माझ्याने होत नाही. मी तो न उघडता शेगडीखाली घालते.

थंडीत छातीला जप. ओरडून झालं की नेहमीसारखं प्रेमाचं पत्र लिही.

तुझी,
मेविसताई


बडलेकोम
६ जानेवारी १९९४

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नव्या वर्षाच्या शुभेच्छा.

पिलरबद्दल ओरडलो, पण घरच्या घरी. तुला ऐकू आलं नसेल तर बेरिलला विचार.

गिलियनची सही समितीकडे गेली. पण नाव नाही म्हणजे काय, हे मला पटेना. निकाल लागला तर जगाला कळायला नको का की तो आपल्या गिलियनचा होता? क्लबात अर्नीच्या नाकासमोर मला तो पेपर धरायचा होता. मी हे बोलून दाखवलं तर बेरिल म्हणाली की चेहरा कोणाचा आहे, तुझा की तिचा? त्यानंतर तिने माझ्यापुढे सूप आदळलं. तेव्हा जसं गिलियन म्हणेल तसं. मी कोणाला सांगणार नाही. हे मला जड जाईल हे तुला ठाऊक आहे, म्हणून त्याचं थोडं पुण्य माझ्या नावावर मांड.

लहान भावावर लोभ आहे तसाच ठेव.

तुझा,
नॉर्मन


रॉथेनशॉ
१८ मार्च १९९४

प्रिय नॉर्मन,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आपण जिंकलो. काल पिलरमध्ये निकाल आला. आतल्या पानावर, काचेच्या बागघरांच्या जाहिरातीखाली. आमच्या प्रतिनिधीने रुग्णालयात उपचार घेत असलेल्या एका महिलेचं छायाचित्र तिच्या परवानगीवाचून घेतलं, घरच्यांनी दाखवलेला शिष्टाचार ही परवानगी होत नाही, आम्ही दिलगीर आहोत. एवढंच. नाव-गाव काही नाही, तिने मागितलं तसंच. समितीने शब्द पाळला.

गिलियनने दोनदा वाचलं. मी विचारलं की बरं वाटलं का. ती म्हणाली की माहीत नाही, आणि अंक मला परत दिला.

आज ब्रेड आणायला गेले. दुकानात डॉट होती, आणखी दोघी-तिघी होत्या. डॉटच्या हातात कालचा पिलर होता. तिने मला ते पान बोट ठेवून दाखवलं. म्हणाली की बघ मेविस, कुठल्या तरी बिचारीवर अगदी तुमच्यासारखाच प्रसंग आला होता, पण ती गप्प बसली नाही, तिने तक्रार केली आणि पेपरवाल्यांना नाक घासायला लावलं. अशा बाईचं कौतुक करावं तेवढं थोडं, असं दुकानातल्या सगळ्या म्हणाल्या. मग डॉट माझ्या दंडावर हात ठेवून हळूच म्हणाली की राग मानू नकोस, पण तुमच्या गिलियननेही तेव्हा तोंड उघडायला हवं होतं.

मी म्हटलं, हो, उघडायला हवं होतं. पैसे दिले आणि ब्रेड घेऊन आले.

रागवायला मला जमलं नाही, नॉर्मन. खूप दिवसांत कशाचंच काही वाटत नाही, तसंच तेव्हाही वाटलं नाही. आज लिहायला बसले तेव्हा मात्र दोन कागद फाडून टाकले, हा तिसरा. हे तू कोणाला सांगू नकोस, अर्नीलाही नाही.

घरी आले तर गिलियन जिन्यावर बसली होती. पायात बाहेरचे बूट होते. दुकानात माझ्याबद्दल कोणी काही बोललं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, कोणी अवाक्षर काढलं नाही.  मग तिने मफलर गालावर ओढून घेतला आणि म्हणाली की कोपऱ्यापर्यंत जाऊन येते.

तुमची खुशाली कळव, आणि आम्हा दोघींना मनातून उतरू देऊ नकोस.

तुझी,
मेविसताई