बेटावरची थोरली पाती

३ मार्च, सोमवार

पुन्हा तेच आलं. तिसऱ्यांदा! बेटावरच्या झाडाचा डीएनए आणि आपल्या इकडच्या समुद्रकाठच्या झाडाचा डीएनए — एकसारखे. नखाएवढाही फरक नाही. प्रयोगशाळेतल्या मशीनवाल्याने खांदे उडवले. "मशीनला खोटं बोलता येत नाही," म्हणाला. मशीनचं ठीक आहे, मला पटायला हवं ना.

स्वतःलाच एकदा नीट सांगते, म्हणजे डोकं ठिकाणावर येईल. या झाडांचं कुळ तीन ठिकाणी सापडतं — इकडे आपल्याकडे, समुद्रापलीकडच्या मोठ्या भूमीवर, आणि मधल्या बेटावर. बेटावर फक्त एका टेकडीवर, दीडेकशे झाडं असतील-नसतील. ज्यांच्याकडे मी शिकले ते सर आयुष्यभर सांगत आले की या तिन्ही जमिनी कोट्यवधी वर्षांपूर्वी एकच होत्या. फुटून लांब गेल्या, तेव्हा झाडंही आपापल्या तुकड्यावर बसून गेली. बेट सगळ्यात आधी सुटलं. म्हणून तिथलं झाड ही या घराण्याची थोरली पाती, सगळ्यात जुनी शाखा; बाकीचे सगळे मागाहून वेगळे झालेले चुलतभाऊ. सरांनी हे फळांच्या ठेवणीवरून सांगितलं होतं. डीएनएने ते पक्कं करायचं काम माझ्याकडे आलं.

आणि निघालं काय? कसली थोरली पाती! शेजारचंच झाड, कोणीतरी शे-दोनशे वर्षांपूर्वी नावेतून नेऊन तिथे लावलेलं.

४ मार्च

बंदराच्या समितीच्या साहेबांचा फोन. त्यांना ती टेकडी फोडून दगड बंदराच्या भरावात घालायचा आहे. ते झाड जगात फक्त तिथेच असेल तर टेकडी वाचेल. बाहेरून आणून लावलेलं असेल तर सुरुंग. "मॅडम, आम्हाला पाल्हाळ नको. हो की नाही, तेवढं सांगा."

एवढा जुना इतिहास, आणि हो की नाही! वर आवाज इतका गोड की रागही धड येईना.

७ मार्च, शुक्रवार

अहवाल पाठवला. "स्वतंत्र जात नाही." तीन शब्द. बोट बटणावर ठेवून किती वेळ बसले होते कोण जाणे. शेवटी शिंक आली आणि दाबलं गेलं, असं म्हटलं तरी चालेल.

सरांना कळवलेलं नाही. निवृत्त झाले, कानाने कमी ऐकू येतं, पण अजून दर आठवड्याला विचारतात, "काय म्हणते आपली थोरली पाती?" मी म्हणते, काम चाललंय. भित्री कुठली.

१२ मार्च

समितीने मंजुरी दिली. महिनाअखेरीस काम सुरू. मशीनवाला म्हणाला, तू तुझं काम केलंस, आता सोड ना. सोडते म्हटलं. सोडवत नाही. फळं मधे मधे डोळ्यांसमोर येतात. बेटावरच्या फळाला पाच शिरा, आपल्याकडच्याला तीन. जमीन बदलली की फळात फरक पडतो, असं मीच अहवालात ठोकून दिलंय. पडतो का खरंच? इतका?

१६ मार्च, रविवार

घाईघाईत लिहितेय. अक्षर कसंही येऊ दे.

सकाळी आई गॅलरीत गुलाबापाशी उभी राहून माझ्यावर करवादत होती. "पिवळं फूल म्हणून आणला होता. आता बघ, ही चिल्लीपिल्ली गुलाबी! तुला म्हटलं होतं, खालून फुटवा आला की काढत जा. खालचा खुंट माजला आणि वर बांधलेलं कलम गेलं. एवढी शिकलीस झाडांचं, आणि कुंडीकडे बघायला वेळ नाही."

मी हो-हो करत होते. चहाचा कप तोंडाशी नेला आणि तसाच राहिला.

मी बेटावर गेलेच नव्हते. परवानगी मिळाली तेव्हा समुद्र खवळलेला, मग परवानगी संपली. पान घेतलं ते संस्थेच्या बागेतल्या झाडाचं. सरांनी बेटावरून आणून वाढवलेलं म्हणून. त्या दिवशी लांब काठीचा आकडा मोडला होता. हाताला येईल अशा खालच्या फांदीचं पान तोडलं आणि पिशवीत घातलं. बेटावरचं झाड आणि इकडचं झाड पानं बघून कोणालाच ओळखता येत नाहीत, फळांवरूनच ओळखायची.

चप्पल घातली आणि तशीच बागेत गेले. आई मागून ओरडतेय, अगं, केस तरी विंचर! गुडघ्याएवढ्या उंचीवर खोडाला गाठ आहे. गाठीखाली साल खरखरीत, वर गुळगुळीत. माझी फांदी गाठीच्या खालून फुटलेली. किती वेळा या झाडाखाली बसून डबा खाल्लाय मी!

तिथूनच सरांना फोन लावला. ओरडून ओरडून विचारलं. माळ्याने आणि दोन फिरायला आलेल्यांनी वळून बघितलं.

"कलमच आहे ते," सर म्हणाले. "बिया काही केल्या रुजेनात. मग इकडच्या झाडाच्या खुंटावर बांधलं. का गं?" मग, "तू पान वरचं घेतलंस ना?"

मी सगळं सांगितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "आधी समितीला कळव. आत्ता."

मी म्हटलं, सर, एकदा चुकलंय, आता पक्कं करूनच कळवते. माळ्याची शिडी घेतली, शेंड्याची पानं काढली.

१७ मार्च, सोमवार

पानं मशीनवर दिली. गुरुवारी उत्तर. मशीनवाला हसायचा थांबला, एवढंसं माझं तोंड झालं होतं म्हणे.

फोन करावा का? करून काय सांगू — साहेब, बहुतेक चुकलंय? ते विचारतील, बहुतेक म्हणजे? आधी नाही म्हणाले, आता हो म्हणायचं, आणि गुरुवारी पुन्हा नाही आलं तर? मग माझ्या शब्दाला कोण विचारेल? सरांचंही हसं होईल. काम महिनाअखेरीला आहे. चार दिवसांनी काय बिघडतंय.

१८ मार्च

नंबर लावला. रिंग व्हायच्या आत कापला.

१९ मार्च

आई म्हणाली, "लहानपणी पेपर देऊन आलीस की अशीच भिंतीला टेकून बसायचीस. वर्गातही उत्तर येत असून पुरवणी परत परत तपासायचीस, शेवटी बाई ओढून घ्यायच्या." हसवायला म्हणाली. मी हसलेही. संध्याकाळी सरांचा फोन — "कळवलंस?" ऐकू आलं नाही असं केलं. त्यांचीच खोड त्यांच्यावर!

२० मार्च, गुरुवार

थोरली पाती!

वेगळं आहे. साफ वेगळं. या कुळातल्या सगळ्यांच्या आधी फुटलेली फांदी, आणि नंतर तिला कोणी भावंडच नाही. फाटा फुटल्याचा काळ बेट सुटल्याच्या काळाशी जुळतो. सर फळं हातात धरून बरोबर बोलत होते. मशीनवाल्याने पेढा खाल्ल्यासारखं तोंड केलं आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मी रडले. सगळ्यांसमोर, नाक ओढत.

समितीला लगेच फोन केला. साहेब बैठकीत. सुधारित अहवाल पाठवला. आज झोप येईल.

२१ मार्च

साहेबांचा फोन आला. समुद्र शांत होता म्हणून काम अलीकडे घेतलं. टेकडी बुधवारी फोडली.

"मॅडम, नवा नमुना सोमवारी दिला असं लिहिलंय तुम्ही. तेव्हा नुसतं म्हणाला असतात, थोडं थांबा, शंका आहे, तरी थांबलो असतो. पुरावा काय, मागाहूनही चालला असता."

आवाज तसाच गोड होता. त्यानंतर सरांचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही.