पडून राहायचं काम माझं

प्रिय धाकटे,

थोरल्या भावाचे भरघोस आशीर्वाद. आम्ही दोघं मजेत. (वहिनी म्हणते 'मजेत' लिहू नका, माझे गुडघे दुखतात. पण पत्र माझं आहे.) भाच्याचा फोन आला होता. तुझ्या पायाचं हाड जुळलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तरी तू पलंग सोडत नाहीस म्हणे. त्याकडे वळतोच, आधी माझी फजिती ऐक.

तुला ठाऊकच आहे, सिनेमावाल्यांनी माझी मढ्याच्या जागी कायमची नेमणूक केली आहे. एकदा श्वास असा रोखला की पोटसुद्धा हललं नाही, आणि त्या कौतुकानंच घात केला. तेव्हापासून कुठेही म्हातारा मरायचा असला की मला बोलावणं. (मारेकरी बदलतात, मी तोच.) परवा नात म्हणाली, "आजोबा, एकदा तरी शेवटपर्यंत टिका ना!" मनाला लागलं गं. म्हणून एका मालिकेत जिवंत, चांगला बडबड्या म्हातारा हवाय असं कळताच ऑडिशनला गेलो. बाहेर बाकावर माझ्यासारखीच पांढरी डोकी, तेच वाक्य ओठांतल्या ओठांत पुटपुटणारी. आत लोखंडी खुर्ची आणि कॅमेरा. संवाद चोख पाठ होता (वहिनीलाही झाला होता, बिचारीला). पण निवड करणाऱ्या मुलीनं "ॲक्शन" म्हटलं मात्र, माझे डोळे आपोआप मिटले, मान कलंडली, श्वास बंद! इतक्या वर्षांची सवय, देह ऐकेना. ती पोर घाबरून पेन्सिलीनं बरगडीत टोचायला लागली, तसा मी उसळलो, "अगं ए, मेलेल्याला गुदगुल्या करतेस? घरी हेच शिकवलं का?" आणि मग जो बोलत सुटलो, तो पाणी प्यायलाच थांबलो. कॅमेरा चालूच होता.

परतताना वाटलं, लोक आपल्याला एका जागी बसवतात खरं, पण तिथं मांडी घालून घट्ट बसतो ते आपणच. मला 'ॲक्शन' ऐकून मरायची सवय लागली. तुला कुणी 'कशी आहेस' विचारलं की पांघरूण ओढायची. 'आता माझं काय राहिलंय' हे वाक्य तू इतकं झकास म्हणतेस की तुला दुसरं काम कोण देणार? धाकटे, पडून राहायचं काम आपल्या घरात माझं आहे. माझ्या पोटावर पाय देऊ नकोस.

तुझा,
दादा

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात फोन आला. काम मिळालं! त्या मुलीला माझं ओरडणं आवडलं. म्हातारा दिवसभर धाकट्या बहिणीशी भांडतो. वहिनीसमोर सराव जमत नाही, ती नुसती 'बरं' म्हणते. तेव्हा काठी घे आणि ये. भाचा गाडीत बसवून देईल, उतरवून घ्यायला मी उभा असेन.

आणखी एक ता. क. हे सांगणार नव्हतो. त्या मालिकेत शेवटी एकजण मरतं. या वेळी मी नाही, बहीण. मी त्या मुलीला सांगून टाकलंय, आमची खरी धाकटी असलं काम घेत नाही. मला खोटं पाडू नकोस.