चक्कर, जखम नाही

ता. ३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा अर्ज मंडळाने परत नाकारला. शत्रूच्या माऱ्यात जखम झाली असेल तरच पदक, असा नियम. दफ्तरातली तुझ्या दवाखान्याच्या कागदाची नक्कल काढून बघितली. स्फोटानंतर डॉक्टरांनी एवढंच लिहिलंय : चक्कर, जखम नाही. डावा कान गेला, बोलता बोलता शब्द हरवतात, आणि म्हणे चक्कर. हा नियम करणाऱ्याच्या कानाखाली... जाऊ दे, वहिनी वाचेल.

नियम बदलायचा का, यावर सोळाला बैठक आहे. तुझा अर्जही तेव्हाच पुन्हा निघेल. पण मी हातावर हात ठेवून बसलेलो नाही. जिच्यापायी कॉलेज अर्धवट टाकून इथे मंडळात जावक कारकून झालो, त्या टायपिस्टने नवी नक्कल करून दिली : डोक्यास जखम, रक्तस्राव. आधी नाहीच म्हणाली. मग माझ्याकडे न बघता केली. बैठकीआधी फायलीत लावतो.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. ८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मी सांगतोय, वहिनी लिहितेय. अक्षरांकडे बघितलं की डोकं ठणकतं.

चक्कर हा शब्द डॉक्टरांचा नाही, माझा आहे. स्ट्रेचर एकच उरलं होतं आणि शेजारी आमच्या तुकडीचा स्वयंपाकी पाय गमावून पडला होता. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, काही नाही, चक्कर आली. त्यांनी तेच लिहिलं. माझ्या खोट्यावर तू दुसरं खोटं चढवतोयस. पकडलं गेलं तर त्या मुलीची नोकरी जाईल. तुझं काय, अर्धवट सोडण्यात तू पटाईत.

गल्लीत मला ढोंगी म्हणतात. पदक मला हवंय, फार हवंय. पण जे झालं त्याचं हवंय. ती नक्कल फाड. बैठकीला मी येतो.

(हे शेवटचं सांगायला त्यांना पाव तास लागला. मी घाई केली नाही. - वहिनी)

आशीर्वाद आहेतच, अक्कलही येवो.

दादा

ता. १७ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा सांगायचा नाही, म्हणून लिहितो. नक्कल मी त्या टायपिस्टच्या हातात दिली, तिने फाडली. माझ्याशी बोलत नाही.

अध्यक्षांनी विचारलं, रक्त आलं होतं का. दादा नाही म्हणाला. चक्कर हा शब्द आपलाच, हेही त्याने सांगितलं. मग झालं तरी काय, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, घरातली माणसं समोर असतात, पण नावं सापडत नाहीत; कधी कधी लेकीचंही. कोणीतरी लेकीचं नाव विचारलं. एक सभासद घड्याळ बघायला लागला. मी उठणार होतो, पण कोपऱ्यात टिपण घेणाऱ्या तिने मान हलवली, म्हणून बसलो. नाव आलं नाही. तिने टिपणात लिहिलं : अर्जदार सात मिनिटे मुलीचे नाव शोधत होते. अध्यक्षांनी ते दोनदा वाचून खाली सही केली. नियमाचा निकाल पुढच्या महिन्यात.

बाहेर आलो, आणि जिन्यात त्याला नाव आठवलं. कठड्याला धरून मला म्हणाला, "परत जाऊन सांगू का? नाहीतर ते टिपण खोटं होईल."

मी त्याला खाली आणलं.

छोटीला पापा. माझ्यावर माया राहू दे.

तुझा दीर