क्लीनर साइड

कोल्हार,
रविवार

प्रिय तौफिक,

पत्र बघून हसशील. रोज सकाळी मोबाईलवर गुलाबाची फुलं पाठवणारा तू, आणि मी तुला कागद लिहीत बसलोय. पण तुझ्या अम्मीने मला शपथ घातली आहे, फोनवर तुला घरातलं काही सांगायचं नाही. "परमुलखात एकला हाय त्यो. गाडीबिडी चालवत आसंल, आन् तू कानात कायतरी घालशील." कागदाबद्दल चाची काही बोलल्या नाहीत. पाथऱ्याचा अल्ताफ सुट्टी संपवून शारजाला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. तू परत यावंस म्हणून लिहितोय, ते आधीच सांगून टाकतो. का, ते शेवटी लिहीन. अजून हात धजत नाही.

गॅरेज आहे तिथेच, पुलाच्या अलीकडे. 'खाजाभाई डेंटर' ही पाटी मी मध्यंतरी पुन्हा रंगवली, तर चाचा म्हणाले अक्षरं माजलीत. तुझे अब्बा मला कधी चांगलं म्हणणार नाहीत, हे मी कधीच मान्य केलंय. पत्रा ठोकणारा डेंटर आणि रंग मारणारा पेंटर म्हणजे सासू-सूनच. माझ्या पुट्टीला ते अजून मेकअपच म्हणतात. "पत्र्याला हात नीट लागला तर पुट्टी लागतीच कशाला?" हे रोज एकदा ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही.

उन्हाळ्यात श्रीगोंद्याचा रविराज नावाचा एक हौशी गडी आला. दोन दारांची, बसकी, लाल स्पोर्ट्स कार घेऊन. जुनी आहे, पण अजून गुरगुरते. उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन खड्डे पडलेल्या रस्त्याने तो ती कशी हाकतो, देव जाणे. त्याला पुढे रुंद टायर घालायचे होते आणि ते बॉडीच्या बाहेर चार बोटं निघत होते. म्हणून चाकांवरचे पुढचे दोन्ही फेंडर रुंद करून हवे होते, तेही असे की कंपनीतून तसेच आले वाटावेत. पुण्यात त्याला फायबरचे तयार फेंडर बसवून देत होते. फायबर म्हटल्यावर चाचांचं तोंड कसं झालं असेल, ते तुला मी सांगायला नको. ह्याच फायबरवरून तुमचं दोघांचं वाजलं आणि तू बॅग भरलीस. तेव्हा तुझं चुकलं की त्यांचं, हे मला आजही ठरवता येत नाही. तयार माल आणला असतास तर धंदा वाढला असता, हेही खरंच. पण त्यांनी रविराजला जुन्याच तोऱ्यात सांगितलं, "पत्र्याचं करून देतो. घाई आसंल तर पुन्याला जावा."

मग काय सांगू तुला! चाचा दहा वर्षांनी तरुण झाले. आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापला, चाकाच्या कमानीवर धरधरून. मग पत्रा कापून वाळूच्या पिशवीवर ठेवला आणि लाकडी हातोड्याने हळूहळू फुगवायला घेतला. मधेच थांबून डोळे मिटायचे, तळव्याखाली ते मलमलचं फडकं घ्यायचे आणि पत्र्यावरून हात फिरवायचे. उघड्या हाताला न कळणारा उंचवटा फडक्यातून कळतो, हे तुम्हा दोघांचं वेड. तेव्हा मला तुझी फार आठवण आली रे. गाडी मधे, ड्रायव्हर साइडला अब्बा, क्लीनर साइडला तू. किती वर्षं तसंच चाललं. त्यांनी कधी डावी बाजू केली नाही आणि तुला कधी उजवी करू दिली नाही. एकच फर्मा, ते सुलटा धरायचे, तू उलटा. तुमचे हातोडे एकाआड एक पडायचे आणि त्यातला एक थांबला की मी पलीकडून ओरडायचो, चहा आला का म्हणून. तिकडे म्हणे ड्रायव्हर डाव्या बाजूला बसतो. म्हणजे तुझी बाजू तिकडे ड्रायव्हरची झाली. हे मी चाचांना सांगितलं तेव्हा ते किती तरी वेळ हसत होते.

पहिला फेंडर झाला. ड्रायव्हर साइडचा. तौफिक, मी तुझ्या अब्बांचं आयुष्यभराचं काम बघितलंय, पण असं नाही. कमान चाकावरून सुटते आणि दारापाशी कधी मिटते, ते बोटाला सापडत नाही. मी त्यावर पुट्टीची पातीसुद्धा टेकवली नाही. त्यांनी लगेच दुसरा घेतला. मी तेव्हा एका टेम्पोच्या रंगात अडकलो होतो, नुसता हातोड्याचा आवाज ऐकत होतो. झाल्यावर त्यांनी हाक मारली. मी प्रायमर मारायला गेलो आणि फेंडर उचलून गाडीला लावून बघितला, तर तो लागेना.

तोही ड्रायव्हर साइडचाच होता. हुबेहूब पहिल्यासारखा. त्यांनी फर्मा उलटा केलाच नव्हता.

मी म्हणालो, चाचा, हा क्लीनर साइडचा पाहिजे होता. ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच येड्यासारखं बोललो. म्हणाले, "ती बाजू माझी न्हाई रं. ती तौफिकची हाय. नाश्त्याला गेलाय, यील आत्ता." मी पंपाशी जाऊन उगाच पेंटगन धुवत बसलो आणि रडलो.

त्याआधी बारीकसारीक होतंच. नमाजाहून येताना एकदा घर चुकले. चाचींना दोनदा तोच किस्सा सांगितला. आम्ही वयावर घातलं. आता नगरच्या डॉक्टरांनी सांगितलंय, हे विसरणं वाढतच जाणार, औषधाने फार तर सावकाश होईल. आधी अलीकडचं जातं, मग माणसं. हाताचं कसब म्हणे सगळ्यात शेवटी जातं. रविराज भला माणूस निघाला. म्हणाला, राहू द्या गाडी इथेच, मला काही शर्यतीला जायचं नाही. गाडी एका बाजूने नवरीसारखी नटलेली आणि दुसऱ्या बाजूने उघडी, अशी शेडमध्ये उभी आहे. मी नेवाशाहून दुसरा डेंटर आणायचं बोललो, तर चाचांनी हातोडा उगारला. रोज त्या उघड्या चाकाशेजारी स्टूल टाकून बसतात आणि कोणी जवळ गेलं की हाकलतात. "हात लावू नगा. तौफिक यीतोय."

एवढं होतं तोवर मी गप्प होतो. वाटायचं, तुझं नाव घेऊन बसलेत, तर बसू देत. पण काल दुपारी जेवण करून आले, स्टुलावर बसले, त्या उघड्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिले आणि मला विचारलं, "सहादेव, ही बाजू कुनाची रं?" मी म्हणालो, तौफिकची. ते म्हणाले, "तौफिक कोन?" माझं नाव आठवलं त्यांना, आणि तुझं नाही. चाची डबा न्यायला आल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून मागे फिरल्या. मी सांगितलं, तुमचा पोरगा, चाचा. डेंटर आहे. त्यांनी मान डोलावली. मग खिशातून मलमलचं फडकं काढलं, मधोमध फाडलं आणि अर्धं माझ्या हातात दिलं. "आला की दे त्याला. त्याच्याशिवाय कळत न्हाई." म्हणून लिहितोय. त्यांना तुझं नाव आठवेल की नाही, मला ठाऊक नाही. पण तू पलीकडे उभा राहून हातोडा मारलास, तर तो आवाज ते ओळखतील. ये. फर्मा मी उलटा करून भिंतीला टांगलाय.

तुझाच,
सहादेव