पलटणीचा दगड कुठल्या काठावर

१२ सप्टेंबर १८८७

प्रकरण सातवं, ओढ्याची लढाई. लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं.

शाळेत मी जेमतेम गेलो. तरी पलटणीचा इतिहास कुणी लिहायचा म्हटल्यावर सगळ्यांनी हात वर केले ते माझ्यासाठी! बासष्ट साली आमचा कॅप्टनही आम्ही असाच निवडला होता. आम्हाला कुणी पकडून नेलं नव्हतं. एका जिल्ह्यातले सुतार, शेतकरी, मी खोगीरवाला — आपल्या पायांनी यादवी युद्धावर गेलो, उत्तरेच्या बाजूने. पहिल्याच पानावर ठणकावून लिहिलंय.

थिर्झा खालून ओरडली, "अहो, तुमची पलटण जेवायला येतेय, की मी टेबल आवरू?"

१४ सप्टेंबर

टेनेसीत रणभूमीवर आमच्या पलटणीच्या आठवणीचा दगड बसवायचाय — आमची माणसं जिथवर पोचली तिथे. त्यावरून कमिटीत जुंपली. डिटमर — पलटणीतल्या के कंपनीचा जर्मन, आता बेकरी चालवतो — टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "आम्ही ओढा ओलांडला होता! किती वेळा सांगू, व्हीलॉक?"

"मी काठावरच होतो. मला नाही दिसलं."

"त्या धुरात तुला स्वतःच्या मिशा तरी दिसत होत्या का?"

सगळे हसले. मीही. पण के कंपनीतून त्या दिवशी परतला तो एकटा हाच. एकट्याच्या शब्दावर मी इतिहास छापणार नाही. दगड अलीकडच्या काठावर!

१५ सप्टेंबर

नामावली. लायमन व्हीलॉक, बी कंपनी — बेपत्ता.

माझा धाकटा भाऊ. लढाई संपल्यावर अलीकडच्या काठावरचं एकेक प्रेत मी उलथून पाहिलं. त्याचे तांबडे केस कुठेच दिसले नाहीत. तेव्हापासून गावात कुजबुज — पळाला असेल. तोंडावर कुणी बोलत नाही. मला ते पटत नाही, पण पुरावा कुठाय? सख्ख्या भावासाठीही पुराव्याशिवाय ओळ बदलायची नाही.

३ ऑक्टोबर. टेनेसी

डिटमरला घेऊन दगडाची जागा आखायला आलो. ओढ्याकाठच्या शेताचा मालक टॉलिव्हर. लढाईत समोरच्या बाजूला होता. मी दगडासाठी खुंटी ठोकत होतो, हा कुंपणाला टेकून बघत होता.

"चुकताय, साहेब. तुमची माणसं पलीकडे आली होती. आमच्या तोफेपर्यंत! मीच पुरली त्यांना, त्या टेकाडाखाली. के अक्षराच्या टोप्या होत्या."

डिटमरने टोपी काढली. माझ्याकडे बघितलंही नाही.

"एक मात्र त्यांच्यातला नव्हता. टोपीवर बी. तांबडे केस. तोफेच्या चाकाला हात लावून पडलेला." मग गोठ्याकडे बोट दाखवलं. "त्याचा पट्टा मी काढून घेतला. खोटं कशाला बोलू? आमच्याकडे तेव्हा चामडं मिळत नव्हतं. अजून खेचराच्या जुंपणीत आहे."

गोठ्यात जाऊन पाहिला. दुहेरी टाका, बक्कलापाशी मेणाच्या दोऱ्याची उलटी गाठ. ती गाठ माझी — मला कुणी शिकवली नाही, मी कुणाला शिकवली नाही. लायमन भरती झाला त्या आठवड्यात शिवला होता!

टॉलिव्हर खाली मान घालून पट्टा सोडवायला लागला. मी म्हटलं, "राहू द्या. अजून काम देतोय."

खुंटी उपटली. डिटमर आणि मी बुटांसकट पाण्यात. पलीकडे जाऊन ठोकली. शेवटचे घाव त्याने घातले.

मुक्कामावर आल्याआल्या 'बेपत्ता' खोडलं.

५ ऑक्टोबर. घरी

डिटमर आणि मी आगगाडीने परतलो. आमचं स्टेशन आलं तेव्हा तो म्हणाला, "व्हीलॉक, ओढ्यात पहिले आम्ही नाही उतरलो. तुमच्या बाजूने एक तांबड्या केसांचा पोरगा आला. चेहरा नाही पाहिला, पाठ तेवढी दिसली. 'या की रे, मेल्यांनो!' म्हणाला आणि उतरला. आम्ही त्याच्यामागे. कुणाला सांगितलं नाही कधी — के कंपनीचा मान गेला असता ना!"

लायमनच्या मागे! अख्खी के कंपनी!