आईला लावलेली सवय

प्रिय धाकट्या,

तुझ्या कार्यशाळेचा व्हिडिओ पाहिला. निळा कोट शोभतो तुला, फक्त बाह्या अर्धा इंच लांब आहेत. आधी खूण, मग कृती, मग बक्षीस. हे रोज केलं की मेंदूला सवय लागते, म्हणालास. समोरचे ऑफिसातले लोक माना डोलावत होते. मीही डोलावली. माझ्याइतकी मन लावून शिकणारी विद्यार्थिनी तुला मिळायची नाही.

आईला पहिली सवय तूच लावलीस, तुझ्या गावीही नसेल. रविवारी सकाळी तुझा फोन यायचा. पुढच्या रविवारी येतो म्हणायचास, आणि तिचा विसरभोळा मेंदू त्यातलं 'येतो' तेवढंच धरून बसायचा. ठेवणीतले कपडे घालून ती दाराजवळच्या खुर्चीत बसायची. जेवायलाही उठायची नाही. "तो आला आणि मी दिसले नाही तर तसाच परत जाईल," म्हणायची. अंधार पडला की मी तिला ओढत आत न्यायचे आणि ती मला चावायची. तुला कळवलं होतं. सकारात्मक राहा, असं तुझं उत्तर आलं.

मग मी तुझीच विद्या वापरली. जुनी सवय नुसती मोडायची नसते, तिच्या जागी दुसरी बसवायची असते ना? फोन वाजला की मी शिवणकामातला बटणांचा डबा तिच्या मांडीवर ठेवायचे आणि मागे उभी राहून तिचे केस विंचरायचे. तिला ते फार आवडतं, डोळेच मिटते. तिने तुझं नाव काढलं की मी कंगवा थांबवायचे. रागवायचे नाही हं, नुसता थांबवायचे. ती मान मागे करून वाट बघायची. गप्प झाली की पुन्हा सुरू. पहिल्यांदा तिचे डोळे भरले तेव्हा मी लगेच पुन्हा विंचरायला लागले. नंतर हातालाही सवय झाली. डॉक्टर म्हणतात, आजार पुढे सरकलाय. म्हणोत बापडे. मेहनत माझी आहे.

आता फोन वाजला की ती डबा मागते. परवा मुद्दाम तुझा आवाज स्पीकरवर ठेवला. तू आई, आई करत होतास. "कोणाचं काम आहे गं?" तिने मला विचारलं आणि पांढरी बटणं वेगळी करत राहिली. मी फोन ठेवून दिला. लाईन गेली असेल, असं तुला वाटलं असणार.

आणि काल तुझा निरोप आला, या रविवारी खरंच येतोयस. सुट्टी मिळाली, तिकीटही काढलंस. इतकी वर्षं आई खुर्ची अडवून बसली होती तेव्हा नाही, आणि आता येतोयस. ये. नको म्हणणार नाही. पण दारात आई म्हणून हाक मारू नकोस, ती घाबरते. एक लांब पँट घालून ये आणि आखूड करायची आहे म्हणून सांग. शिवणकाम ती अजून विसरलेली नाही. तुझ्या पायाशी बसेल, पँट दुमडेल, टाचण्या लावेल, तेव्हा घोट्याला तिचा हात लागेल. तेवढं घे आणि जा. तिला गिऱ्हाइकांनी बोललेलं आवडत नाही.

तुझीच, अजून तरी,
ताई