हौगांगात विनिपेगचं अंगण

हौगांग, सिंगापूर
५ नोव्हेंबर २००६

ती. संजीवराव यांस,

अभयचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द यावेळी शोभेपुरता नाही. गेले तीन आठवडे मी मागच्या अंगणात बहुतेक वेळ पालथाच आहे, तेव्हा नमस्कार तिथूनच विनिपेगच्या दिशेने घातला असं समजावं.) तुमची आणि वहिनींची प्रकृती ठीक असेल अशी आशा आहे. उणे दहा म्हणजे ‘आज हवा बरी आहे’ असं वहिनी एकदा फोनवर म्हणाल्या, तेव्हापासून तुमच्याकडची चौकशी मी जरा जीव मुठीत धरूनच करतो. इकडे अरुणा मजेत आहे. माझी कंबर गेली. तुमचे वडील मात्र, वय वर्षे शहात्तर, इतके टवटवीत झालेत की साताऱ्याहून औषधांची जी पिशवी आणली होती ती कुठे ठेवलीय हे त्यांनाच आठवत नाही.

ईमेल सोडून कागदावर लिहितोय, कारण घरातला कॉम्प्युटर बाबांच्या ताब्यात आहे आणि ते माझ्या पाठीमागे उभं राहून वाचतात. तुमचं आणि त्यांचं चार वर्षं बोलणं नाही, हे मला ठाऊक आहे. साताऱ्याला जेवताना ‘तुमचे रस्ते दोन पावसाळेसुद्धा टिकत नाहीत’ असं तुम्ही म्हणालात, बाबा भरल्या पानावरून उठले, आणि तेव्हापासून दोघेही अरुणाला फोन करून एकमेकांची खुशाली काढून घेता. बिचारीला दोन्हीकडे ‘मी विचारलं म्हणून सांगू नकोस’ अशी ताकीद असते. तर, हे पत्र त्याविषयी अजिबात नाही. हे पत्र फक्त फरशांविषयी आहे.

चोआ चू कांगच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून आम्ही या टेरेस घरात (म्हणजे आपल्याकडचं रो-हाऊस) आलो तेव्हा मागे चांगली खाट टाकण्याएवढी जमीन मिळाली, याचं मला फार अप्रूप होतं. पण इथला पाऊस दुपारच्या चहासारखा नेमाने येतो, आणि त्या जमिनीचा चिखल वर्षभर काही वाळत नाही. सप्टेंबरात बाबा आले आणि दुसऱ्याच दिवशी तिथे घसरले. लागलं नाही, पण अरुणाने धसका घेतला. म्हणून तिने तुम्हाला विचारलं, कारण तुमचं अंगण सात हिवाळे एका रेषेत उभं आहे हे आम्ही फोटोत पाहतच आलोय. तुम्ही लगोलग अकरा पानं पाठवलीत! एवढं मोठं पत्र मला लग्नातही कुणी लिहिलं नव्हतं.

ती पानं मी छापली, वरचं तुमचं नाव कात्रीने कापलं आणि ‘कॅनडातल्या एका जाणकाराने लिहिलंय’ एवढंच सांगून बाबांच्या हातात दिली. (खोटं बोललो नाही, याची कृपया नोंद घ्यावी.) बाबांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि जेवायची हाक दोनदा मारली तरी उठले नाहीत. बांधकाम खात्यातून निवृत्त होऊन अठरा वर्षं झालेला माणूस, संजीवराव, पण ते वाचताना खुर्चीत असे ताठ बसले होते की मलाच उभं राहावंसं वाटलं. शेवटचं पान उलटून म्हणाले, ‘‘अभयराव, हा माणूस कामातला आहे. उद्यापासून सुरू.’’

आता चूक कुठे झाली ते सांगतो. तुम्ही दीड फूट खणायला सांगितलंत. जमिनीतलं पाणी गोठून फुगतं आणि फरशा वर उचलतं, म्हणून खाली खडीचा जाड थर हवा, असं कारणही दिलंत. तिसऱ्या दिवशी, गुडघ्यापर्यंत खड्ड्यात उभा असताना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला की सिंगापुरात पाणी फक्त फ्रिजमध्ये गोठतं. मी बाबांना तसं नम्रपणे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘कारण आपण वाचायचं नसतं. माप वाचायचं.’’ कामासाठी बोलावलेले मिस्टर क्वेक साठीचे आहेत, आयुष्यभर लोकांच्या दारात फरशा घालत आलेत. खड्ड्यात डोकावून ते कळवळून म्हणाले, ‘‘अंकल, हिअर नो विंटर, लाह! फोर इंच इनफ ऑलरेडी!’’ बाबांनी त्यांना पान चार दाखवलं. क्वेकनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि फावडं उचललं. माझ्याकडे का पाहिलं ते मला कळलं, पण सासऱ्यांपुढे जावयाचं किती चालतं हे त्यांना कसं समजावणार?

दीड फूट पुरा झाला त्याच दुपारी ढग फुटला. अंगणात तळं! इथे डेंग्यूची साथ होऊन गेलीय, साचलेलं पाणी म्हणजे गुन्हाच. मी आणि बाबा बादल्यांनी उपसायला लागलो, आणि नेमकी दारात डासांची इन्स्पेक्टर, हातात टॉर्च घेतलेली एक मुलगी. मी बादली पाठीमागे लपवली. बाबांनी मात्र तिला बादली बाजूला करून जागा दिली, पान सात काढलं आणि पाण्याला घरापासून लांब उतार कसा द्यायचा, फुटाला पाव इंच, यावर अर्धा तास इंग्रजीत व्याख्यान दिलं. तिने ते उभ्याने ऐकलं, एक माहितीपत्रक माझ्या हातात ठेवलं, संध्याकाळच्या आत पाणी काढा म्हणाली, आणि जाताना बाबांना ‘‘थँक्यू, अंकल’’ म्हणाली. मला काहीच म्हणाली नाही.

पुढचं सगळं मी फक्त बघत राहिलो, आणि मनापासून सांगतो, बघण्यासारखं होतं. आधी मातीवर कापड अंथरलं, मग खडी, एका वेळी चारच बोटं. तुमच्या पानांत होतं तसं, दोन थरांच्या मध्ये पाणी शिंपडून एक रात्र थांबायचं. प्रत्येक थर क्वेक मशीनने दाबायचे आणि मग बाबा कोपरे हातातल्या धुम्मसाने पुन्हा ठोकायचे, कारण कोपऱ्यात मशीन लबाडी करतं असं त्यांचं मत आहे. थर दाबला गेला की नाही हे ते टाच मारून आवाजावरून ओळखत. पहिल्या दिवशी क्वेक हसले. तिसऱ्या दिवशी ते स्वतः टाच मारून कान देत होते. वाळू पसरली तेव्हा बाबांनी कुणालाही, अगदी अरुणालाही, त्यावर पाऊल टाकू दिलं नाही. फरशा बसल्या, कडेच्या पट्ट्या ठोकल्या, फटींत वाळू झाडून भरली, आणि बाबांनी घराच्या भिंतीपाशी तांब्याभर पाणी ओतलं. ते पाणी कुठेही न रेंगाळता थेट गटाराकडे गेलं. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. क्वेक आता त्यांना ‘इंजिनिअर अंकल’ म्हणतात आणि तुमच्या अकरा पानांची झेरॉक्स घेऊन गेलेत.

परवा तासभर धोधो पाऊस पडला. आजूबाजूच्या अंगणांत पाणी होतं, आमच्याकडे पाऊस थांबल्यावर पाच मिनिटांत कोरडं. मी आयुष्यभर बँकेत कागद सरकवले, माझ्या हातून टिकाऊ असं काही झालेलं नाही. त्यामुळे असेल, पण तुम्ही तिकडून लिहिता आणि हे इकडे ठोकतात, आणि दोघांत एका इंचाचंही अंतर पडत नाही, हे बघून मला भरून आलं. बाबा खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, ‘‘त्या कॅनडावाल्याला विचारा, हा कुणाच्या हाताखाली शिकला?’’ मी ‘विचारतो’ म्हणालो आणि आत गेलो.

वहिनींना नमस्कार. अरुणाकडून तुम्हाला नमस्कार, आणि खोकला अंगावर काढू नका असा निरोप. कळावे, लोभ आहेच, तो थंडीने आखडू नये.

आपला,
अभय

ता. क. पत्र फक्त फरशांविषयी आहे, हे खरं नाही. बाबा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत जातात. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, मला तो अधिकार नाही. तुम्ही फोन करून द्या. इथल्या सकाळी सातला ते एकटेच अंगणात असतात.

ता. क. २. फोन अरुणाने उचलला तर ‘मी विचारलं म्हणून सांगू नकोस’ म्हणू नका. ती फोन ठेवून देईल, तिने मला तसं बजावलंय.

ता. क. ३.
चि. संजीव, अभयराव पत्र टेबलावर उघडं टाकून पोस्टाचं तिकीट आणायला गेलेत. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण वाचलं. दोन थरांच्या मध्ये पाणी शिंपडून एक रात्र थांबायचं, हे कुठल्या पुस्तकात नाही. ते मी तुला कराडच्या रस्त्यावर दाखवलं होतं, तू नववीत होतास. त्यामुळे दुसऱ्या पानावरच कळलं, कुणी लिहिलंय ते. तरी विचारलं, कारण कुणीतरी तोंडाने सांगावं असं वाटत होतं. तुझं ते जेवतानाचं बोलणं खरं होतं. एका रस्त्याच्या उद्घाटनाची तारीख ठरली होती म्हणून खालचा थर मी घाईत घेतला. रस्ता वाहून गेला तो माझ्या सहीचा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुझं काम थंडीत कसं उभं राहतं ते थंडीतच बघायला हवं. साताऱ्याला न जाता व्हिसाचं बघतो. जानेवारीत येतो. बर्फ झाडून ठेव.
— बाबा